पस्तिशीच्या आत सिस्टर

“तू नर्सच व्हायला पाहिजे होतंस बघ!” सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी आठ दिवस दवाखान्यात काढलेल्या सुनेला हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. गोळ्या वेळच्या वेळी तिनंच दिलेल्या असतात, सलाइन संपत आली की सिस्टरला हाक तिनंच मारलेली असते, शेजारच्या खाटेवरच्या आजींचे पायसुद्धा तिनंच चेपलेले असतात. ती हसते, “आता काय, पोरं शाळेत जायला लागली,” म्हणते आणि विषय तिथंच मिटतो.

ओझरसारख्या गावात अशा बायका पुष्कळ आहेत. कुणी विघ्नहराच्या देवळाबाहेर दूर्वा-फुलं विकते, कुणी टोमॅटोच्या तोडणीला जाते, कुणी शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवते. दहावी-बारावी झाली, लग्न झालं, आता वय तीस-बत्तीस. चतुर्थीची गर्दी एक दिवसाची आणि टोमॅटोचा भाव बाजाराच्या मर्जीचा. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराचं मोल या बायकांना सांगायला नको. तरी नर्सिंगचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, “या वयात घेतात का?”

घेतात. पण मैत्रिणींनो, हे उत्तर ऐकून निवांत बसू नका. भारतीय परिचर्या परिषदेनं घालून दिलेल्या नियमांत एएनएम आणि जीएनएम या दोन्ही अभ्यासक्रमांना प्रवेशाचं वय 17 ते 35 आहे. लग्न झालंय, पोरं आहेत, म्हणून कुणी अडवत नाही. अडवतो तो जन्मदाखला. ‘धाकटा पहिलीत गेला की बघू’ म्हणता म्हणता तीन वर्षं कशी जातात ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आधी कॅलेंडर घेऊन बसा आणि हिशेब मांडा.

समजा वय 31 आहे आणि बारावी झालेली आहे. मग जीएनएमचा, म्हणजे दवाखान्यातल्या स्टाफ नर्सचा, तीन वर्षांचा अभ्यासक्रम धरता येईल. शाखा विज्ञानच हवी असं नाही, विज्ञान असेल तर चांगलं. पण बारावीला इंग्रजी हवं आणि किमान 40 टक्के गुण हवेत. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला मात्र बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. कला शाखेतून शिकलेलीनं त्या वाटेला जाऊन वर्ष घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

समजा वय 32 आहे आणि शिक्षण दहावीवर थांबलंय. तर आधी बारावी. नियमित कॉलेजात जायची गरज नाही, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी फॉर्म आधीच्या पावसाळ्यात भरायला लागतो, आणि तो चुकला की वर्ष गेलं. या बाईसाठी दोन वर्षांचं एएनएम जास्त सोयीचं. आपल्या उपकेंद्रात लसीकरण करणारी, गरोदर बायकांची नोंद ठेवणारी आरोग्यसेविका एएनएमच असते. सपाटीवर साधारण पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असं शासनाचं प्रमाण आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात उपकेंद्राची सिस्टर म्हणजे काय, हे तिथल्या बाळंतिणीला विचारावं!

आणि फार कमी जणींना माहीत असलेली एक गोष्ट. त्याच नियमांत एएनएम झालेल्या बाईला जीएनएमसाठी वयाची वरची अट ठेवलेली नाही. म्हणजे पस्तिशीच्या आत एएनएमला प्रवेश मिळाला की पुढचं दार वयामुळे बंद होत नाही. 2023 मध्ये केंद्रानं परिचर्येसाठी नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे, तेव्हा नियम बदलूही शकतात. म्हणून ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा. वय कोणत्या तारखेला मोजतात, तेही त्यातच पाहा.

मोठ्या वयात ही विद्या शिकायची, हे काही आजचं नाही. पुण्यात 1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभं केलं. तिथं येणाऱ्या कितीतरी जणी संसार मोडलेल्या किंवा विधवा झालेल्या बाया होत्या. आधी प्रौढांच्या वर्गात अक्षरओळख, मग पुढचं शिक्षण, आणि त्यातल्या काही जणी ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या. परक्याच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, ही गोष्ट तेव्हाच्या घरंदाज लोकांना सहन होणारी नव्हती. सेवासदनच्या एका बक्षीस समारंभात पारंपरिक वेषातली विधवा बक्षीस घ्यायला पुढे आली, तेव्हा प्रेक्षकांतल्या काहींनी गोंधळ घातला. रमाबाईंनी त्यांना तिथल्या तिथं सुनावलं. आज कुणी गोंधळ घालत नाही. फार तर भावकीतलं कुणी विचारतं, “रात्रपाळीला बाई जाणार?” बाई आजारी पडल्यावर रात्री दोन वाजता तिला सलाइन कोण लावतं, हा उलट प्रश्न तयार ठेवावा.

तिकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं आणि खेड्याखेड्यांतल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. बऱ्याच जणींनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. लेकुरवाळ्या, टाकलेल्या, विधवा अशा बाया ठरलेल्या दिवशी जामखेडला येऊन शिकायच्या, गावात जाऊन बाळंतपणं करायच्या. त्या पदवीच्या नर्स नव्हत्या, पण वय झालं की डोकं चालत नाही, या समजुतीला त्यांनी चांगलंच उत्तर दिलं.

आता तयारीचं. प्रवेशाला सहा महिने असतील तर काय वाचावं? शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक आत्ता नको, ते तिथं शिकवतातच. मुलाचं पाचवी-सहावीचं गणिताचं पुस्तक काढा. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर पक्कं करा. अर्धी गोळी, अडीच मिलिलिटर, तासाला किती थेंब, हे औषधाचे हिशेब त्यावरच चालतात आणि तिथं चूक चालत नाही. दुसरं इंग्रजी. बोलायची धास्ती नको, वाचायची सवय हवी. घरातल्या औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर, केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट रोज दहा मिनिटं वाचा, शब्द वहीत उतरवा. जीएनएमच्या पुस्तकांतलं इंग्रजी पाहून पहिल्या महिन्यात रडू येतं म्हणतात. वही भरलेली असेल तर थोडं कमी येईल.

घरची तयारी त्याहून अवघड. ओझरहून पुणे पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास. सकाळच्या वॉर्डच्या ड्युटीला एसटीनं रोज जाऊन-येऊन जमणार नाही, तेव्हा वसतिगृह किंवा नातेवाइकांचं घर आलंच. हे नवऱ्याशी आणि सासूबाईंशी प्रवेशाआधी बोलून घ्यावं, यादी लागल्यावर नाही. पोरांचा डबा कोण करणार, आजारी पडली तर रात्री कोण उठणार, दुसरी-तिसरीची फी कुठून येणार? कागदावर लिहून काढलं की भांडण निम्मं होतं. बचत गटाचं कर्ज मिळत असेल तर ते पहिल्याच वर्षात संपवू नका.

आणि एक इशारा. बसस्टॅंडवर ‘सहा महिन्यांत नर्स बना’ असे फलक दिसतात. त्या प्रमाणपत्रावर खासगी दवाखान्यात हाताखालचं काम मिळेलही, पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवता येत नाही, आणि त्या नोंदणीवाचून तुम्ही कायद्यानं नर्स नाही. पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव परिषदेच्या मान्यतेच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहा. संस्थेच्या माणसानं मोबाइलवर दाखवलेला कागद धरू नका.

शेवटी कागदपत्रं, कारण मोठ्या वयाच्या बायकांचं घोडं इथंच अडतं. दहावीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर तो आधी काढा, राजपत्रात नावबदल करायचा असेल तर त्यालाही वेळ लागतो. जातीचा दाखला वडिलांकडूनच येतो. नॉन-क्रीमी लेयरसाठीही लग्न झालेल्या बाईच्या आईवडिलांची स्थिती पाहतात, नवऱ्याची नाही. म्हणजे माहेरच्या तहसील कार्यालयात एक-दोन खेपा ठरलेल्या. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत शाळेतूनच मिळते, आणि मे महिन्यात शाळेच्या ऑफिसात कुणी भेटेलच असं नाही. तेव्हा तेवढं काम परीक्षेच्या सुट्टीआधी उरकून घ्या.