हानलेच्या पठारावरचे १,४२४ आरसे

लेहच्या आग्नेयेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळपास ४,३०० मीटर उंचीवर हानले हे गाव आहे. मुंबईच्या मानाने इथल्या श्वासात प्राणवायू जेमतेम साठ टक्के मिळतो; नवखा माणूस चार पावले भराभर चालला तरी धापा टाकतो. अशा जागी २१ मीटर व्यासाची, सुमारे १८० टन वजनाची दुर्बीण उभी आहे. तिचे नाव ‘मेस’. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या आणि इतर भारतीय उद्योगांच्या साथीने ती घडवली. या प्रकारची ही आशियातली सर्वांत मोठी दुर्बीण.

ती शोधते अवकाशातून येणारे गॅमा किरण, पण ते तिच्यापर्यंत कधीच पोहोचत नाहीत. वातावरणात शिरताच असा किरण फुटतो, त्यातून वेगवान कणांचा वर्षाव होतो आणि त्या कणांमुळे निळसर प्रकाश क्षणभर चमकतो. हाच चेरेन्कोव्ह प्रकाश. तो टिकतो सेकंदाचे काही अब्जांश भाग, म्हणून डोळ्यांना दिसतच नाही. उंचावर गेले की हा वर्षाव जवळ येतो, मधली हवा कमी होते आणि दुबळ्या किरणांची चमकही टिपता येते. एवढ्या उंचीचा हट्ट त्यासाठीच.

खरी कसोटी बांधणीची होती. २१ मीटरचा अखंड आरसा घडवणे अशक्य, म्हणून धातूचे १,४२४ छोटे आरसे चारचारच्या गटाने ३५६ फलकांवर बसवले. हिऱ्याच्या हत्याराने कातून गुळगुळीत केलेले हे आरसे ॲल्युमिनियमचे आहेत. त्यांच्यावर घुमटाचे छप्पर नाही. शून्याखाली वीस-पंचवीस अंशांची थंडी, वारा, धूळ सारे उघड्यावर सोसायचे. आरशांपासून सुमारे २५ मीटर अंतरावर टनाहून जड कॅमेरा तोललेला आहे. दुर्बीण कलली की त्याच्या भाराने सांगाडा किंचित वाकणारच, आणि आरसे जरासे हलले तरी प्रतिमा विस्कटते. म्हणून प्रत्येक फलकामागे मोटरी लावल्या, त्या आरशांची दिशा पुन्हा जुळवून घेतात. सगळा डोलारा सहा चाकांवर, २७ मीटर व्यासाच्या गोल रुळावरून फिरतो. मला या दुर्बिणीत सर्वांत थोर वाटते ती ही मोटरींची योजना. पोलाद वाकणार हे आधीच मान्य करून अभियंत्यांनी त्यावर उपाय रचला आहे.

आधी हैदराबादेत ती जोडून, तपासून पाहिली. मग सुटी करून लडाखला नेली. हिवाळ्यात खिंडी बर्फाने बंद होतात, त्यामुळे अवजड कामाला वर्षातले थोडेच महिने हाती येत. ज्या हातांनी त्या विरळ हवेत एकेक बोल्ट आवळला, त्यांचे नाव कुठल्या फलकावर सापडणे कठीण. पण ही दुर्बीण शास्त्रज्ञांइतकीच त्यांचीही आहे.

४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे औपचारिक उद्घाटन झाले. कॅनरी बेटांवर, नामिबियात आणि ॲरिझोनात अशा मोठ्या दुर्बिणी आधीपासून आहेत. त्यांच्याकडे दिवस असतो तेव्हा हानलेत रात्र असू शकते, म्हणून अवकाशातल्या एखाद्या आकस्मिक स्फोटावर अधिक काळ नजर ठेवता येते.

या दुर्बिणीला अंधार लागतो. २०२२ पासून हानलेचा परिसर ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ आहे. आपल्याकडची कितीतरी तरुण मंडळी मोटारसायकलवरून तिकडे जातात. त्यांना एवढीच विनंती: तिथे रात्री गाडी चालवूच नका, चालवावी लागलीच तर दिवे खाली झुकवा आणि मुक्कामी खिडक्यांचे पडदे ओढून घ्या.