हीटरचा पंखा फिरत नाही: जुन्या गाडीतला बिघाड शोधायचा कसा?



आजचा विषय तसा छोटा आहे. जुन्या मोटारीतला हीटरचा पंखा. तुमच्यापैकी काहींच्या मनात आलंच असेल, की आपल्याकडे हीटर लागतो कुणाला? रास्त आहे. पण हा विषय घेण्यामागे दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे हे सर्किट फार साधं आहे. एक फ्यूज, एक स्विच, एक मोटर आणि चार-सहा जोड. यावर बिघाड शोधण्याची रीत एकदा हाताला बसली, की वायपर, हॉर्न, दिवे सगळीकडे तीच चालते. दुसरं कारण गंभीर आहे. जुनी गाडी उभ्या उभ्या जळते, त्यामागे जीर्ण वायरिंग हे एक नेहमीचं कारण असतं. आणि पंख्याच्या सर्किटमध्ये लोक जे जुगाड करतात, ते त्यातच मोडतात.

उदाहरण म्हणून आपण एमजीबी घेऊ. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये अॅबिंग्डनला तयार झालेली ही दोन सीटची स्पोर्ट्स गाडी. सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे जगभर आजही त्या पळताहेत. तिथल्या थंडीत आणि पावसात हीटर ही चैन नसते. पंखा बंद पडला की पुढच्या काचेवर आतून वाफ धरते आणि समोरचं दिसेनासं होतं. म्हणजे हा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे.

आता हीटर चालतो कसा ते बघू. इंजिनातलं गरम पाणी एका व्हॉल्व्हमधून छोट्या रेडिएटरमध्ये जातं. याला आपण हीटर कोअर म्हणतो. पंखा बाहेरची हवा ओढून या कोअरमधून ढकलतो आणि ती आत येते. पंखा उष्णता तयार करत नाही, फक्त हवा ढकलतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा, की तक्रार नक्की काय आहे? हवा येतेय पण गार येतेय, तर दोष पाण्याच्या बाजूला. व्हॉल्व्ह उघडत नसेल, कोअर तुंबला असेल किंवा पाइपात हवा अडकली असेल. पंख्याचा आवाज येतोय पण हवा येत नाही, तर काचेखालच्या जाळीत पाचोळा अडकलाय किंवा आतल्या झडपांचा फोम झडून गेलाय. आणि आवाजच नाही, तरच दोष विजेच्या बाजूला. हे न बघता थेट मोटर खोलणारे लोक खूप आहेत.

आवाज नाही असं धरू. लगेच पाने-पक्कड काढायची नाही. आधी शेजाऱ्यांकडे चौकशी करायची. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांमध्ये वायरींच्या रंगांना अर्थ असतो. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, सतत करंट असलेली. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर करंट येणारी, पण फ्यूज नसलेली. हिरवी म्हणजे किल्ली आणि फ्यूज दोन्हींमधून आलेली. काळी म्हणजे अर्थ. एमजीबीत हीटरचा पंखा हिरव्या कुटुंबातला आहे. त्याच कुटुंबात वायपर, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट येतात. म्हणून किल्ली फिरवा आणि हे सगळं चालू करून बघा. काहीच चालत नसेल, तर फ्यूज किंवा त्याच्या अलीकडे गडबड आहे. बाकी सगळं चालतंय आणि पंखा तेवढा बंद आहे, तर फ्यूज निर्दोष. दोन मिनिटांत निम्मं सर्किट संशयातून बाहेर पडलं.

फ्यूजबद्दल एक गोष्ट नीट ऐका. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं. तो आकडा फ्यूज वितळण्याचा आहे. सतत वाहून न्यायची त्याची क्षमता १७ अँपिअर, म्हणजे निम्मीच. आजच्या फ्यूजवर लिहितात तो आकडा सतत वाहण्याचा असतो. म्हणजे ३५ बघून तुम्ही आजचा ३५ चा फ्यूज टाकलात, तर संरक्षण जवळपास दुप्पट सैल झालं. मग फ्यूज टिकतो आणि वायर जळते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची पद्धत तर विचारूच नका. फ्यूज पुन्हा पुन्हा जातोय याचा अर्थ तो काहीतरी सांगतोय. त्याचं तोंड बंद करायचं नाही.

आता मल्टीमीटर. इथे भले भले फसतात. पंख्याची वायर मोटरपाशी सोडवतात, तिला मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि निकाल देतात, की सप्लाय ठीक आहे, मोटर गेली. हा निकाल चुकीचा असू शकतो. कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. गंजलेल्या जोडातून एखादा बारीकसा धागा शिल्लक असेल, तरी मीटरला पुरे १२ व्होल्ट दिसतात. नळाचं उदाहरण घ्या. तोटी बंद असताना गाळ साचलेल्या पाइपातही दाब पूर्ण असतो. तोटी उघडली की धार करंगळीएवढी.

थोडा हिशोब करू. समजा मोटर १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेते. म्हणजे तिचा रोध साधारण २.४ ओहम धरू. मोटरचं वागणं याहून जरा गुंतागुंतीचं असतं, पण अंदाजाला पुरेसं आहे. वाटेत एका गंजलेल्या जोडाचा रोध ०.६ ओहम झाला. एकूण ३ ओहम, करंट ४ अँपिअर. जोडावर २.४ व्होल्ट खर्च झाले, मोटरला उरले ९.६. पंखा मरगळल्यासारखा फिरणार. आणि त्या जोडात जवळपास १० वॉट उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत. त्यामुळे प्लास्टिक मऊ होतं, काळं पडतं आणि रोध आणखी वाढतो. हे दुष्टचक्र आहे. म्हणून पंखा हळू फिरतोय ही तक्रार तो बंद आहे या तक्रारीइतकीच मनावर घ्यायची.

म्हणून मोजायचं ते वायरी जोडलेल्या ठेवून आणि स्विच चालू करून. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं मोटरच्या पॉझिटिव्ह वायरीच्या जोडावर. इथे दिसतो तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर एकेक टप्पा मागे यायचं. स्विचच्या दोन टोकांमध्ये किती, फ्यूजच्या दोन टोकांमध्ये किती, प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे किती. आकडा जिथे उडी मारतो, तिथे चोर. मग अर्थची बाजू. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं मोटरच्या काळ्या वायरीवर. इथे दोन दशांशांच्या आसपास असावा. अर्थकडे लोक बघतच नाहीत, आणि जुन्या गाडीत रंग आणि गंज यांच्यामध्ये अर्थच आधी मरतो. मीटर नसेल तर २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींना जोडून टेस्ट लॅम्प करा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कच्चा जोड लगेच उघडा पडतो.

एमजीबीत हे जोड गोळीच्या आकाराचे असतात, रबरी नळीतल्या पितळी बाहीत घुसवलेले. बाही तडकली की पकडीने दाबून उपयोग नाही, नवीनच घाला. गोळी बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि वर पुसटसं व्हॅसलिन लावा, म्हणजे ओल शिरत नाही.

एवढं करून मोटरपाशी पुरा व्होल्टेज पोचतोय, तरी पंखा ढिम्म. मग मोटर. किल्ली बंद करा आणि पंखा हाताने फिरवून बघा. जड असेल तर बुश सुकलेत. अडकलेली मोटर फिरणाऱ्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, आणि फ्यूज वारंवार जाण्याचं हे एक नेहमीचं कारण. हलक्या तेलाचा एक थेंब बुशला द्या. एकच. जास्त झालं तर ते कम्युटेटरवर जातं आणि कार्बनची भुकटी त्यात कालवली जाते. पंखा मोकळा फिरतोय पण वीज दिल्यावर हलत नाही, तर कार्बन झिजलेत किंवा खोबणीत अडकलेत. एमजीबीत हीटरची पेटी बॉनेटखाली आहे आणि मोटर पेटी न काढता सुटते, ही मोठी सोय. खोलून कम्युटेटर साफ करा, पट्ट्यांमधल्या फटी लाकडी काडीने कोरा. निम्म्या मोटरी यातच जिवंत होतात, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता एक-दोन प्रश्न घेऊ.

श्रोता: माझ्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ होता, तो निगेटिव्ह करून घेतला. तेव्हापासून हवा कमी येते.

छान प्रश्न. एमजीबीतही १९६७ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थच होता. मोटरमध्ये कायमचे चुंबक असतील, तर ध्रुव बदलल्यावर ती उलटी फिरते. आता गंमत बघा. पिंजऱ्यासारखा गोल पंखा असेल, तर उलटा फिरूनही तो हवा त्याच दिशेला ढकलतो, पण बरीच कमी. त्यामुळे दोष लक्षातच येत नाही. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करून बघा.

श्रोता: आपल्याकडे याचा उपयोग काय? माझी अँबॅसडर आहे.

अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचीच लेक, तेव्हा तपासायची रीत तीच. आणि ज्यांच्या गाडीत हीटर आहे त्यांनी लक्षात ठेवा. मे महिन्यात घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागला, तर हीटर पूर्ण गरमवर ठेवा, पंखा पूर्ण वेगात, काचा खाली. कोअर हा दुसरा रेडिएटरच आहे. तुम्हाला घाम फुटेल, पण सुरक्षित जागी थांबेपर्यंत इंजिनाला तेवढाच आधार मिळतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र लगेच उघडायचं नाही. आणि त्या क्षणी पंखा चालायला हवा असेल, तर त्याची तपासणी आज, घरच्या सावलीत करून ठेवा.