गृहपुरवठा आणि पायाभूत सुविधा : गुजरातमधील नगररचना योजनेचा अनुभव

शहराच्या कडेला नवी वसाहत उभी राहते तेव्हा घरे आधी येतात आणि पाणी मागाहून येते, हा अनुभव इंदूरपासून हैदराबादपर्यंत सर्वत्र सारखाच आहे. याचा दोष बहुधा बिल्डरच्या लोभाला किंवा नगरपालिकेच्या सुस्तीला दिला जातो. दोन्हींत तथ्य आहे. पण मूळ अडचण वेगळी आहे. जमीन शेतकऱ्याची, इमारत बिल्डरची, रस्ता विकास प्राधिकरणाचा, पाणी महानगरपालिकेचे, वीज वेगळ्या कंपनीची. या प्रत्येकाचे वेळापत्रक निराळे आणि पैसा येण्याची वेळही निराळी. बिल्डरला सदनिका विकून दोन-तीन वर्षांत भांडवल मोकळे करायचे असते. जलवाहिनीचा खर्च मात्र वसूल व्हायला अनेक वर्षे लागतात. ही दोन घड्याळे एकत्र कशी लावायची, हा खरा प्रश्न आहे. गुजरातने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे नगररचना योजना. तेथे तिला सर्रास ‘टी.पी.’ म्हणतात आणि वडोदऱ्यातील रिक्षावाल्यालाही हा शब्द समजतो.

या योजनेचा उगम १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमात आहे. शहरनियोजनाचा भारतातील हा पहिला कायदा. इंग्लंडमधील १९०९ चा कायदा आणि फ्रँकफुर्ट शहरासाठी १९०२ मध्ये झालेला जमिनींच्या पुनर्विभागणीचा जर्मन कायदा यांची छाया त्यावर होती. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात असल्याने हा कायदा तेथेही लागू होता. बडोदा संस्थानात मात्र नव्हता. १९५४ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पुढे महाराष्ट्राने १९६६ मध्ये आणि गुजरातने १९७६ मध्ये आपापले कायदे केले. दोन्हींत नगररचना योजनेची तरतूद आहे. पण महाराष्ट्रात प्रदीर्घ काळ भर राहिला तो विकास आराखड्यात आरक्षण टाकून नंतर जमीन संपादन करण्यावर. पैशाअभावी संपादन रखडत गेले आणि आरक्षित जमिनी तशाच पडून राहिल्या. अलीकडे पुणे महानगर प्रदेशात आणि नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात नगररचना योजनांकडे पुन्हा वळावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

योजनेची कल्पना सोपी आहे. साधारण शंभर हेक्टरांच्या पट्ट्यातील सर्व वेडीवाकडी शेते कागदावर एकत्र करायची. त्यांतून रस्ते, बागा, शाळा, दवाखाने यांसाठी जमीन काढायची आणि उरलेली जमीन नीट आखलेल्या, रस्त्याला लागून असलेल्या भूखंडांच्या रूपाने त्याच मालकांना परत करायची. जुन्या तुकड्याला ‘मूळ भूखंड’ आणि नव्याला ‘अंतिम भूखंड’ म्हणतात. मालक विस्थापित होत नाही. त्याची जमीन आकाराने घटते, पण किमतीने वाढते. गुजरातच्या कायद्यानुसार वजावट ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यात ढोबळमानाने रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा व मोकळ्या जागांसाठी ५, सामाजिक सुविधांसाठी ५, दुर्बल घटकांच्या घरांसाठी १० आणि प्राधिकरणाने विकून पैसा उभा करण्यासाठी १५ टक्के, अशी विभागणी आहे. प्रत्यक्षात बऱ्याच योजनांत वजावट याहून कमी असते.

पैशाचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका मालकाची जमीन १०,००० चौरस मीटर आहे आणि योजना जाहीर होताना तिचा भाव चौरस मीटरला १,००० रुपये, म्हणजे एकूण किंमत १ कोटी आहे. वजावट ४० टक्के झाली आणि त्याला ६,००० चौरस मीटरचा अंतिम भूखंड मिळाला. गेलेल्या ४,००० चौरस मीटरची भरपाई जुन्या भावाने ४० लाख. रस्ते व गटारे झाल्यावर अंतिम भूखंडाचा भाव ३,००० रुपये होईल असे धरले, तर त्याची किंमत १ कोटी ८० लाख होते. सुविधांशिवाय तोच भूखंड ६० लाखांचा होता. म्हणजे वाढ १ कोटी २० लाखांची. या वाढीच्या निम्म्यापर्यंत रक्कम प्राधिकरण मालकाकडून सुधार-आकार म्हणून घेऊ शकते, म्हणजे ६० लाख. त्यातून ४० लाखांची भरपाई वजा करता मालकाने २० लाख द्यायचे. तरीही त्याच्या हाती १ कोटीच्या जागी १ कोटी ६० लाख उरतात. रस्त्याची जमीन, गटाराचा पैसा आणि घरांसाठी भूखंड हे तिन्ही एकाच तक्त्यातून निघतात. सरकारी तिजोरीतून संपादनाची रक्कम आधी मोजावी लागत नाही. वाणिज्य किंवा नागरिकशास्त्राच्या वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडून पाहण्याजोगा आहे.

मात्र तक्ता जितका नेटका, तितकी कार्यवाही नेटकी नाही. योजना प्रारूप, प्राथमिक आणि अंतिम अशा तीन टप्प्यांतून जाते. प्रारूप मंजूर झाल्यावर राज्य सरकार नगररचना अधिकारी नेमते. तो प्रत्येक मालकाला ऐकून भूखंड आणि रकमा ठरवतो. अनेक योजनांना यात दहा वर्षांहून अधिक काळ लागला. मूल्यांकन मात्र योजनेचा इरादा जाहीर झाल्याच्या दिवशीच्या भावाला बांधलेले. परिणामी वसूल होणारा सुधार-आकार जुन्या भावाचा आणि गटाराचे कंत्राट आजच्या भावाचे, अशी विसंगती निर्माण झाली. १९७६ च्या कमाल नागरी जमीनधारणा कायद्याने गुंतागुंतीत भर घातली. तो १९९९ मध्ये रद्द झाला आणि गुजरातने हे रद्दीकरण लगेच स्वीकारले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रारूप मंजूर होताच रस्त्यांच्या जमिनीचा ताबा घेण्याचा मार्ग प्राधिकरणाला मोकळा झाला. अहमदाबादभोवतीचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड झाला तो मोठ्या प्रमाणात याच बळावर. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर भूजच्या जुन्या शहराची पुनर्रचनाही नगररचना योजनांनीच करण्यात आली. तेथे लहान भूखंडांना कमी आणि मोठ्यांना अधिक वजावट लावली गेली. दाट वस्तीत, दुःखात असलेल्या लोकांकडून जमीन मागताना हा भेद केला नसता तर योजना एक पाऊलही पुढे गेली नसती.

ताबा लवकर मिळाल्याने रस्ते आले. पाणी त्याच वेगाने आले नाही. पैशाचा मुख्य आधार आता १५ टक्क्यांच्या विक्रीयोग्य भूखंडांवर आहे. म्हणजे जमिनीचा बाजार तेजीत असेल तर जलवाहिनी वेळेवर आणि मंदीत असेल तर टँकर. २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करणे बंधनकारक केले. ग्राहकाचे संरक्षण त्यातून नक्कीच झाले; पण इमारतीच्या कुंपणाबाहेरची मुख्य जलवाहिनी कोणी आणि केव्हा टाकायची, हे त्या खात्यातून ठरत नाही.

उद्योगांनी हा प्रश्न पूर्वी आपल्यापुरता सोडवला होता. वडोदऱ्याजवळ साठच्या दशकात खत कारखाना आणि कोयलीची रिफायनरी आली, तेव्हा फर्टिलायझरनगर आणि जवाहरनगर या वसाहती पाणी, शाळा आणि दवाखान्यासह उभ्या राहिल्या. कायम कामगारांना घर आणि नळ एकाच वेळी मिळाले. कंत्राटी कामगार, हमाल, चहावाले, कारखान्यामागोमाग आलेले छोटे वर्कशॉपवाले यांची सोय मात्र त्यात नव्हती. ते आसपासच्या गावांत भाड्याने राहिले आणि त्या गावांच्या विहिरींवर भार पडला. उद्योग आणि शासन यांच्यातील समन्वय कारखान्याच्या दारापाशी थांबला, असेच म्हणावे लागेल.

पाणी वाहते ते योजनेची हद्द पाहून नाही. वडोदऱ्यात पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नैसर्गिक ओढ्यांना ‘कांस’ म्हणतात. भूखी कांस हे त्यांपैकी परिचित नाव. एक कांस अनेक योजनांतून जातो. प्रत्येक योजनेत तो थोडा सरळ, थोडा अरुंद होत गेला तर कोणत्याही एका तक्त्यात चूक सापडत नाही, पण शेवटी विश्वामित्रीकाठी पाणी तुंबते. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर निचऱ्याच्या मार्गांची चर्चा शहरात झाली ती याच कारणाने. योजनांचे तुकडे जोडणारा विकास आराखडा आणि योजनांची अंमलबजावणी यांत जे अंतर पडते, ते या पद्धतीचे सर्वांत दुबळे अंग आहे.

आणखी एक बाजू क्वचितच चर्चेत येते. ज्याचे नाव अभिलेखात आहे, त्यालाच योजना ओळखते. अहमदाबादचे जुहापुरा साबरमतीच्या १९७३ च्या पुरातील विस्थापितांच्या पुनर्वसनातून वाढले आणि दीर्घकाळ महापालिका हद्दीबाहेर राहिले. घरे एकामागून एक होत गेली. गटारे आणि रस्ते पुष्कळ मागे राहिले. वस्ती दाट झाल्यावर वजावटीसाठी मोकळी जमीनच उरत नाही, म्हणून योजना तेथे पोहोचते तेव्हा तिचे मुख्य साधन बोथट झालेले असते.

मुस्लिम कुटुंबांच्या बाबतीत वारसाचा प्रश्न यात मिसळतो. वडिलांच्या निधनानंतर पत्नी, मुलगे आणि मुली यांचे शरीअतप्रमाणे ठरलेले हिस्से घरात सर्वांना ठाऊक असतात. सातबाऱ्यावर मात्र कित्येकदा आजोबांचेच नाव असते किंवा केवळ मुलग्यांचे. सुनावणीची नोटीस अभिलेखातील नावाने निघते. बहीण दुसऱ्या गावी सासरी असते, तिला पत्ताच लागत नाही आणि अंतिम भूखंड भावांच्या नावे पडतो. तो एकदा कायम झाला, की तिचा मार्ग दिवाणी न्यायालयातून जातो. वक्फ जमिनीचेही तसेच: मुतवल्लीने वेळेत बाजू मांडली नाही, तर कबरस्तानाच्या कडेची पट्टी रस्त्यात जाऊ शकते. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी मिळतो तो केवळ एक महिना. वारसांची नोंद करून घ्यायला त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून गावाच्या शिवारात मोजणीचे दगड दिसू लागतात, तेव्हाच तलाठ्याकडे अर्ज गेलेला असावा लागतो.