घरच्या विमानासाठी पडदा घेताना

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या माणसाने विमानाच्या पडद्याविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु गेल्या वर्षभरात चार-पाच व्यापारी बांधवांनी आमच्याकडे एकच चौकशी केली. मुलगा बारावी सायन्सला आहे, पायलट व्हायचे म्हणतो, संगणकावर विमान चालवतो आणि आता मोठा पडदा मागतो. घेऊन द्यावा काय, आणि कोणता? या खरेदीत आम्ही एकदा हात पोळून घेतला आहे, म्हणून तो तजुर्बा येथे मांडत आहोत.

प्रथम हे विमान काय आहे ते सांगणे जरूर आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली निघाला, तेव्हा त्यात चार रेघा आणि काही घड्याळे दिसत. २०२० आणि २०२४ च्या आवृत्त्यांत उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे सारी पृथ्वी उभी केलेली आहे. एक्स-प्लेन नावाचा दुसराही असाच प्रोग्राम आहे. घरी केलेले हे तास सरकारी लॉगबुकात धरले जात नाहीत, ही गोष्ट मुलाने नव्हे तर बापाने ध्यानात ठेवावी. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक तास पैसे मोजून घ्यावा लागतो. सारा खर्च कित्येक लाखांत जातो. ज्या मुलाला घड्याळे वाचणे, चेकलिस्ट आणि रेडिओवरची बोली घरीच पाठ झाली, त्याचे ते महाग तास वाया जात नाहीत. मात्र उलटही घडते. घरी शिकून आलेली मुले घड्याळांवरच डोळे लावून बसतात, बाहेर बघत नाहीत, अशी शिकवणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते. सुरुवातीचे शिक्षण तर बाहेर क्षितिजाकडे पाहून उडवण्याचेच असते. म्हणजे पडदा असा हवा की घड्याळातले बारीक अक्षर वाचता यावे आणि बाहेरची दुनियाही दिसावी. एवढी एक कसोटी आम्हाला आधी कळली असती तर पहिली खरेदी चुकली नसती.

२०२४ च्या दिवाळीच्या सेलमध्ये आम्ही एका दुकानातून ५५ इंची टीव्ही उचलला. विक्रेता म्हणाला, "हाजीसाब, जेवढा मोठा तेवढा उत्तम. घरच्यांना टीव्ही आणि मुलाला विमान, एका दामात दोन काम." हा हिशोब आम्हाला पटला. आम्हीही गिऱ्हाइकाला असेच हिशोब पटवतो, त्यामुळे कोणाला दोष देण्यात अर्थ नाही.

टीव्ही टेबलावर ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी मुलगा म्हणाला, "अब्बा, मी दांडा ओढतो आणि विमान नंतर उठते." आम्ही म्हटले, वहीम आहे. पण वहीम नव्हता. टीव्ही चित्र सुंदर दिसावे म्हणून आलेल्या चित्रावर आतल्या आत संस्कार करतो आणि त्यात वेळ जातो, कधी सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. सिनेमा पाहताना ते कळत नाही. विमान उतरवताना शेवटच्या दहा फुटांत मात्र तेवढ्यात चाके आपटतात. बहुतेक टीव्हींत 'गेम मोड' नावाची सोय असते, ती चालू केल्यावर हा दोष पुष्कळ कमी झाला. दुसरा दोष अक्षरांचा. काळ्यावरची लाल आणि निळी अक्षरे फुटल्यासारखी दिसत, कारण कित्येक टीव्ही रंगाचा तपशील अर्धा टाकून देतात. त्या जोडणीला टीव्हीच्या यादीत 'पीसी' असे नाव दिल्यावर बऱ्याच संचांत अक्षर सुधारते. हे दोन्ही इलाज दुकानात कोणी सांगितले नाहीत.

ज्याला इलाज नव्हता तो दोष मापाचा. येथे आमचा धंदा कामी आला. कापडाचा पन्हा वाढवला आणि तारा तेवढ्याच ठेवल्या तर कापड विरळ पडते, हे भिवंडीतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पडद्याचेही तसेच. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. ५५ इंची पडद्यावर ते एका इंचात अवघे ४० पडतात. फोर-के म्हणजे ३८४० आणि २१६० ठिपके; त्याच ५५ इंचावर इंचाला ८०, तर ४३ इंचावर १०२. भिंतीवरचा टीव्ही दहा फुटांवरून पाहिला तर ४० सुद्धा चालतात. टेबलाजवळ अडीच फुटांवर बसणाऱ्याला ९० ते ११० असल्याशिवाय उंचीच्या घड्याळातले आकडे स्वच्छ वाचता येत नाहीत. शिवाय ५५ इंची पडदा २७ इंच उंच असतो. अडीच फुटांवरून त्याच्याकडे बघताना मुलाची मान दुखू लागली.

मग दाट विणीचा फोर-केच घ्यावा, असे कोणी म्हणेल. आमचा टीव्ही फोर-केच होता. पण फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात आणि ते प्रत्येक क्षणी नव्याने रंगवण्याचे काम संगणकाला करावे लागते. फुल एचडीत हेच काम २१ लाखांचे. आमचा संगणक मध्यम ताकदीचा. मुंबईवरून उडताना चित्र धक्के खाऊ लागले. मुलाने ठिपके कमी करून घेतले तेव्हा धक्के थांबले, पण दाट विणीचे दाम देऊन विरळ कापड नेसल्यासारखे झाले. पडदा घेण्याआधी संगणकातले ग्राफिक्स कार्ड कोणते आहे हे एखाद्या जाणकाराला दाखवावे, एवढेच या बाबतीत सांगणे.

शेवटी तो टीव्ही बैठकीच्या खोलीत गेला. घरातील मंडळी खूष झाली.

दुसऱ्या वेळी आम्ही आधी फीत घेऊन मापे लिहिली. टेबलाची खोली, डोळ्यापासूनचे अंतर २६ इंच, भिंतीची जागा. मग मुलाला घेऊन मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो. सोबत तारा मोजायचा पिक ग्लासही खिशात ठेवला होता. पडद्याला तो लावल्यावर प्रत्येक ठिपक्यातल्या लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्या वेगळ्या दिसतात. दुकानातली पोरे हसली, पण नंतर त्यांनीही पाहिल्या. आम्ही प्रत्येक पडद्यावर बारीक अक्षरांचे पान उघडायला लावले. नंतर सारा पडदा काळा, मग पांढरा करून पाहिला, मेलेला ठिपका तेव्हाच सापडतो. काळ्या पडद्याचा दुसराही उपयोग आहे. रात्री धावपट्टीचे दिवे पाहायचे असतील तर काळे काळेच दिसले पाहिजे. आयपीएस जातीच्या पडद्यावर ते करडे दिसते, व्हीए जातीवर गडद दिसते. मात्र व्हीए बाजूने पाहिल्यास रंग उतरतो. एकटा बसणाऱ्याला त्याचे काही नाही. ओएलईडीचा काळा रंग सर्वांत सुरेख, पण विमानाची घड्याळे तासन् तास एकाच जागी उभी असतात आणि त्यांचा डाग कायमचा उमटण्याचा धोका राहतो. आम्ही तो घेतला नाही.

एका दुकानदाराने २४० हर्ट्झचा पडदा पुढे केला. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलते. गोळीबाराच्या खेळात त्याचा उपयोग असेल. आमच्या संगणकावर विमान सेकंदाला ३० ते ६० चित्रांत चालते, मग २४० चे दाम कशासाठी द्यायचे? चित्रांचा वेग कमी-जास्त झाला तरी पडदा त्याच्याशी जुळवून घेतो, ती सोय मात्र जरूर पाहावी.

शेवटी ३४ इंची, किंचित वाकलेला, ३४४० आणि १४४० ठिपक्यांचा पडदा घेतला. इंचाला ११० ठिपके आणि एकूण सुमारे ५० लाख, म्हणजे संगणकाला फोर-केपेक्षा पुष्कळ हलका. रुंदी ३१ इंच. उंची मात्र १३ इंचच, त्यामुळे घड्याळे आणि धावपट्टी एकत्र पाहताना थोडी दाटी होते, हा त्याचा उणेपणा. २६ इंचांवरून हा पडदा साधारण ६२ अंश व्यापतो, माणसाची नजर मात्र २०० अंशांच्या आसपास फिरते. डावीकडून चक्कर घेऊन उतरताना धावपट्टी खांद्याच्या मागे असते, ती कोणत्याच एका पडद्यात मावणार नाही. तीन पडदे लावण्याऐवजी मुलाने साध्या वेबकॅमवर चालणारा एक फुकट प्रोग्राम बसवला; डोके वळवले की दृश्य वळते. बाहेर बघण्याची सवय त्यानेच लागली.

आता पैशाचे. ३२ इंचांवरील मॉनिटर आणि टीव्हीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. केवळ कर वाचवायला ३२ वर थांबण्याचे आता कारण उरले नाही. आमच्या मुनीमजींनी सुचवले की बिल पेढीच्या नावाने करून कराचा क्रेडिट घ्यावा. घरच्या वापराच्या मालावर तो क्रेडिट कायद्याने मिळत नाही, आणि मिळाला असता तरी तो आमचा हक्क नव्हता. बिल आमच्या नावाने केले. दुकानदाराने 'नो कॉस्ट' हप्तेही देऊ केले. त्यात बँक व्याज लावतेच; तेवढी सूट आधी दाखवून ते झाकले जाते, आणि व्याजावरचा जीएसटी गिऱ्हाईकच भरतो. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. आम्ही तीन महिने थांबून रोख पैसे दिले. मुलगा त्या तीन महिन्यांत थोडा रुसला होता.

सध्या इशाच्या नमाजनंतर एक तास, एवढीच त्याला परवानगी आहे. परवा त्याने जुहूच्या धावपट्टीवर आडव्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवले. वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीची तारीख अजून मिळायची आहे. प्रशिक्षणाची फी भरण्याचा विचार तिचा निकाल हाती आल्यावरच करायचा, असे घरात ठरले आहे.