सोने देणारा आपटा आणि त्याचे भाऊबंद

विजयादशमीच्या दिवशी सीमोल्लंघन करून परतलेला मनुष्य देवापुढे आणि वडीलधाऱ्यांच्या हाती जे ‘सोने’ ठेवतो, ते ज्या वृक्षाला लागते त्याची आणि आपली ओळख आता बहुधा बाजारातल्या जुडीपुरतीच उरली आहे. साडेतीन मुहूर्तांपैकी एका मुहूर्ताचा मान ज्या पानाला लाभला, त्या पानाचे कुळ-मूळ या निमित्ताने पाहावे, असे आम्हांस वाटले.

आपट्याचे संस्कृत नाव अश्मंतक. हरभरा, तूर, मूग ज्या शिंबावंत कुलात मोडतात त्याच कुलातील हा वृक्ष होय. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला ‘बौहिनिया’ या प्रजातीत घालतात. सोळाव्या-सतराव्या शतकांत योहान आणि कास्पर बॉहिन हे दोघे स्विस बंधू मोठे वनस्पतिज्ञ होऊन गेले. या प्रजातीचे पान देठाशी एक आणि टोकाशी दुभंगलेले असते. एका घरातल्या दोघा भावांना ते शोभते, म्हणून प्लूम्ये या फ्रेंच अभ्यासकाने त्यांचे नाव तिला दिले आणि १७५३ साली लिनीअसने ते कायम केले. परदेशातील विद्वानांस ज्या पानात बंधुभाव दिसला, तेच पान आपल्याकडे भाऊबंदांनी एकमेकांस देऊन आलिंगन द्यावयाचे असते. हा योगायोग मोठा गोड आहे.

सोन्याची कथा घरोघरी सांगितली जाते. वरतंतु ऋषींचा शिष्य कौत्स चौदा कोटी सुवर्णमुद्रांची गुरुदक्षिणा मागावयास रघुराजाकडे आला, तेव्हा विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेल्या राजापाशी मातीच्या पात्रापलीकडे काही उरले नव्हते. रघूने कुबेरावर स्वारी करण्याचे ठरविले आणि त्याच रात्री सुवर्णवृष्टी झाली. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात ही कथा वर्णिली आहे, मात्र तेथे सोने पडते ते राजाच्या कोषागारात. आपट्याखाली सोन्याची रास पडली, ही लोककथेने घातलेली भर. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र समान आहे: राजा सगळेच देऊ पाहतो आणि कौत्स गुरूला द्यावयाचे तेवढेच घेतो, त्याहून एक मुद्राही अधिक घेत नाही.

धर्मशास्त्रात या दिवशी मुख्य पूजा शमीची सांगितली आहे. शमी न मिळाल्यास अश्मंतकाची पूजा करावी, असे पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली सिद्ध केलेल्या ‘धर्मसिंधू’त म्हटले आहे. गावाच्या ईशान्येस जावे, वृक्षाची पूजा करावी, त्याच्या मुळाशी असलेली ओली माती अक्षतांसह घ्यावी आणि वाद्यांच्या गजरात घरी यावे, असा तो विधी. वाचकांनी येथे किंचित थांबावे. शास्त्राने झाडापाशी जावयास सांगितले आणि मुळाची मूठभर माती घरी आणावयास सांगितले. आज आपण झाडापाशी जात नाही, झाडच फांद्याफांद्यांनी तोडून आपल्या दारी येते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शहरांच्या मंडईत आपट्याच्या डहाळ्यांचे ढीग पडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पाने केराच्या गाडीत असतात. आपटा चिवट आहे, तोडला तरी पुन्हा फुटतो, हे खरे. परंतु वर्षानुवर्षे फांद्या ओरबाडलेल्या झाडाला मोहोर आणि शेंगा धरावयास बळ कोठून उरावे?

त्यातही ढिगात पुष्कळदा आपटा नसतोच, असतो कांचन. तो आपट्याचा सख्खा भाऊ; पान तसेच दुभंगलेले, पण तळहाताएवढे मोठे आणि पातळ. आपट्याचे पान लहान, जाड, चामट आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक. आपट्याची फुले बारीक, फिकट पिवळसर, उन्हाळ्यात येणारी, सहसा कोणाच्या डोळ्यांत न भरणारी. कांचनाचे मात्र तसे नाही. एक जात माघ-फाल्गुनात पाने झडल्यावर फुलांनी भरते, तर दुसरी, जांभळट गुलाबी फुलांची, नवरात्राच्या सुमारासच बहरू लागते. कांचनाचे पान सोने म्हणून दिले तर दोष लागतो काय, असे विचारणारे असतात. ज्याच्या नावाचा अर्थच सोने, त्याचे पान देण्यात आम्हांस मोठेसे पाप दिसत नाही. आपटा समजून कांचनाचे पैसे मोजणे ही मात्र निव्वळ फसगत.

शिवाय कांचनाचे घराणेही सामान्य नव्हे. कांचनार आणि कोविदार ही त्याची जुनी नावे. गंडमाळेवर वैद्य देतात त्या कांचनार गुग्गुळात त्याचीच साल असते. वाल्मीकी रामायणात रामाच्या भेटीस निघालेल्या भरताच्या रथावर कोविदाराचे चिन्ह असलेला ध्वज होता. २५ नोव्हेंबर २०२५ रोजी अयोध्येतील श्रीराममंदिराच्या शिखरावर जो भगवा ध्वज चढला, त्यावर सूर्य आणि ओंकार यांच्यासोबत हाच कोविदार आहे.

आपट्याचे व्यवहारातले उपयोग थोडक्यात सांगावयाचे तर सालीच्या धाग्यांचे दोर वळतात आणि पानांच्या विड्या करतात. विडीचे येथे नाव काढावे लागले, याबद्दल श्रद्धाळू वाचकांनी क्षमा करावी.

कोल्हापुरास दसरा चौकात छत्रपतींच्या उपस्थितीत पूजा होऊन सोने लुटले जाते. असा सोहळा प्रत्येक गावी होणे शक्य नाही. पण देवळाच्या आवारात, शाळेच्या कुंपणाशी एक आपटा लावणे कोठेही शक्य आहे. वाळलेल्या शेंगा झाडावर बराच काळ लोंबत राहतात, त्या उतरवून बी काढावे. त्याचे कवच कठीण असते, म्हणून ते कढत पाण्यात टाकून रात्रभर तसेच भिजू द्यावे आणि मृगाच्या आधी पिशवीत रुजवावे. झाड सावकाश वाढते. कोरड्या, मुरमाड जमिनीतही ते तग धरते. पहिली दोन-तीन वर्षे शेळ्यांपासून तेवढे सांभाळावे लागते.

यंदा सोने घ्यावयाचेच असेल, तर घरात माणसे किती ते मोजावे आणि तेवढीच पाने घ्यावीत. कौत्सानेही मोजूनच घेतले होते.