धरायचं कधी, सोडायचं कधी

सकाळच्या गर्दीत पुण्याच्या महात्मा फुले मंडईतून डोक्यावर पाटी घेतलेला हमाल वाट काढतो, तेव्हा पुढची माणसं सरकतात आणि मागची लगेच जागा भरून काढतात. वृषणात कोवळ्या शुक्रपेशी अशाच पुढे सरकतात. पण तिथला क्रम उलटा. आधी मागची फट बुजते, मगच पुढची उघडते.

हा बंदोबस्त सर्टोली पेशींचा. इटलीच्या एन्रिको सर्टोली यांनी १८६५ मध्ये त्यांचं वर्णन केलं. शेजारशेजारच्या सर्टोली पेशी क्लॉडिन, ऑक्लुडिन, कॅडहेरिन अशा रेणूंनी एकमेकींना घट्ट धरून असतात. शुक्राणू तयार होऊ लागतात वयात आल्यावर. तोवर शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने आपलं कोण, परकं कोण हे ठरवून टाकलेलं असतं. सर्टोली पेशींची ही शिवण उसवली, तर ती यंत्रणा उशिरा आलेल्या शुक्राणूंना परकं समजून त्यांच्यावरच तुटून पडू शकते.

शिवणीचा दोरा हार्मोनच्या हातात असतो. सर्टोली पेशींना टेस्टोस्टेरॉन ओळखताच येणार नाही, असे उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्यात क्लॉडिन-३ घटलं आणि शिवण गळू लागली. टेस्टोस्टेरॉन कमी पडलं की अर्धवट वाढलेल्या शुक्रपेशीही आधार सुटून गळून पडतात. मेंदूलगतच्या पियुषिका ग्रंथीतून येणारं एफएसएच हे हार्मोन कॅडहेरिनची निर्मिती वाढवतं, आणि इस्ट्रोजेन त्याला जोर देतं.

म्हणजे इस्ट्रोजेन जितकं जास्त तितकं बरं? मुळीच नाही. मुंबईत परळला १९७० पासून प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथे नर उंदरांना इस्ट्राडायोल टोचलं, तेव्हा एफएसएच आणि वृषणातलं टेस्टोस्टेरॉन दोन्ही घटली. पक्व झालेले शुक्राणू सुटेचनात, अस्तरालाच अडकून राहिले. पकड वेळेआधी सुटली तरी नुकसान, वेळेवर सुटली नाही तरी नुकसानच.

पेठांतल्या जिममध्ये पिळदार दंडांसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं. वृषणातलं टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं. बाहेरून हार्मोन आलं की पियुषिका वृषणाला हुकूम देणं थांबवते. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, वृषणात मात्र खडखडाट. मग शुक्राणू पार शून्यावरही येऊ शकतात. इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांची गाडी रुळावर येते, पण त्याला महिने लागतात, कारण एक शुक्राणू घडायलाच सुमारे अडीच महिने जातात. मूल हवं असलेल्याने सुई टोचून घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, ते यासाठी.