तासगावात खोली भाड्यानं घेताना

द्राक्षाची छाटणी आणि बेदाण्याचा हंगाम यांमुळे तासगावात बाहेरून कामाला येणाऱ्यांची वर्दळ असते. खोली तोंडी ओळखीवर मिळते, कागद मात्र कुणी मागत नाही.

कागदाबाबतचा मोठा गैरसमज अकरा महिन्यांचा आहे. ‘वर्षाच्या आतला करार, मग नोंदणी कशाला?’ हे 1908च्या नोंदणी कायद्यातलं जुनं गणित. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधलं कलम 55 भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स दोन्हींसाठी लेखी, नोंदणीकृत दस्त मागतं. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे नोंदणी होत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय दस्त नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे कागद टाळून मालक स्वतःचंच नुकसान करतो!

खर्चाचा बाऊ नको. लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर 0.25 टक्के, महिना 4,000 रुपये भाडं असेल तर अकरा महिन्यांचे 110 रुपये. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक दहा टक्के व्याज धरून त्यावरचं शुल्क थोडं वाढतं. नोंदणी फी वेगळी. दस्त ऑनलाइनही नोंदवता येतो.

वीजबिल कोण भरणार, नळाला पाणी कधी येतं, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, हे आधीच लिहून घ्यावं. भाड्याची पावतीही दरमहा मागावी. संकोच वाटला तर मोबाइलवरून भाडं पाठवावं, नोंद आपोआप राहते.